उघडा पाईप

४ जानेवारी

मामा, नमस्कार.

पत्र पाहून कपाळाला आठ्या पडल्या असतील. फोन करून पाहिला, पण आमच्या घरचा नंबर दिसला की तुम्ही उचलत नाही. म्हणून हे पत्र. काम नसतं तर मीही लिहिलं नसतं.

बाबांची गाडी मी उघडली आहे. मागच्या शेडमध्ये ती इतकी वर्षं ताडपत्रीखाली होती. बाबा गेल्यावर मी ठरवलं, लोकांच्या जुन्या गाड्या आयुष्यभर नीट करते आहे, तर घरातली का कुजू द्यायची? इंजिन खाली उतरवून झालं, गादी नवीन झाली, लाकडी फळ्या बदलल्या. आता सायलेन्सरचा पाईप राहिलाय. बॉनेटच्या कुशीतून बाहेर येऊन डाव्या दाराखालून मागे जाणारा तो लांब पाईप तुम्हाला आठवत असेलच, कारण तो तुम्हीच बनवला होता असं आई म्हणते.

पाईपवर जागोजागी तार आवळल्याचे वळ आहेत आणि पकडीच्या आत करड्या कापडाचे तुकडे चिकटलेत. म्हणजे कधीतरी त्यावर पट्टी गुंडाळलेली होती. पण दिवाणखान्यातल्या फोटोत तर तो उघडा, आरशासारखा चमकतोय. मी गाडी त्या फोटोबरहुकूम करते आहे, त्यामुळे पट्टी मला लावायची नाही. फक्त ते कापड कसलं होतं तेवढं सांगा. अ‍ॅस्बेस्टॉस असेल तर मला जपून काढावं लागेल.

मार्चअखेर जुन्या गाड्यांची फेरी आहे. बाबांच्या आठवणीसाठी गाडी त्यात न्यायची आहे. मी चालवीन, आई शेजारी बसेल.

बाबा गेले तेव्हा तुम्ही आला नाहीत. त्याबद्दल मी काही विचारत नाही. कापडाचं तेवढं कळवा.

तुमची भाची


१५ जानेवारी

भिंगरी,

हो, अ‍ॅस्बेस्टॉस आहे. कोरडं खरवडू नकोस. पाण्याने चिंब भिजव, तोंडावर नीट बसणारा मास्क लाव, साधा रुमाल चालणार नाही. निघेल ते सगळं जाड पिशवीत बंद कर आणि असला कचरा घेतात तिथेच दे. आम्ही तेव्हा उघड्या हातांनी कापायचो आणि वरून फुंकर मारायचो. कोणी सांगितलं नव्हतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर संपलं. आता माझं ऐक.

ती पट्टी मी लावली होती. शोभेसाठी लावली नव्हती. तो पाईप दाराच्या खाली आहे, आणि डाव्या बाजूने उतरणाऱ्या माणसाला त्याच्यावरून पाय टाकावा लागतो. गाडी तासभर चालली की त्यावर पाण्याचा थेंब टिकत नाही, टाकला की उडतो. हे तुला मी सांगायला हवं का? तू हेच काम करतेस ना?

आणि तू लिहितेस, पाईप उघडा ठेवणार आणि आईला त्याच बाजूला बसवणार. पट्टी कोणी काढली ते आईला विचार. तिने सांगितलं नाही तर माझ्याकडून कशाची अपेक्षा ठेवू नकोस. पाईप उघडा ठेवायचा असेल तर मला पुन्हा पत्र लिहू नकोस.

मामा


२४ जानेवारी

मामा,

पहिली गोष्ट, मला आता कोणी भिंगरी म्हणत नाही.

दुसरी गोष्ट. पट्टीखाली पाणी धरतं आणि पाईप आतल्या आत कुजतो, हे बाबा नेहमी सांगायचे आणि ते खरं आहे. मी स्वतः असले कुजलेले पाईप कापून फेकलेत. तेव्हा बाबांनी पट्टी काढली असेल तर त्याला कारण होतं. तुम्हाला मात्र त्यात काहीतरी पाप दिसतं. बाबा म्हणायचे, तुझ्या मामाला दुसऱ्याची चमकणारी गाडी बघवत नाही. मी लहान होते, मला ते पटायचं नाही. आता पटतंय.

तिसरी गोष्ट तुम्हाला वाटत असेल की मला माहीत नाही. मी वरच्या खिडकीत होते. तुम्ही आमच्या अंगणात आलात, बाबा त्यांच्या मित्रांबरोबर उभे होते, आणि तुम्ही सगळ्यांसमोर त्यांच्या थोबाडीत मारली. बाबांचा चष्मा गाडीखाली गेला. तो शोधायला ते गुडघ्यांवर बसले आणि कोणी मदतीला पुढे झालं नाही. त्यानंतर तुम्ही गेलात ते गेलातच. माझ्या बाबांना गुडघ्यांवर आणणारा माणूस मला आता आईला कुठे बसवायचं ते शिकवणार?

आईला विचारलं. ती म्हणाली, "जुनं झालं, सोड." आणि कपडे वाळत घालायला निघून गेली. तिच्या पायावर पातेलं सांडलं होतं, त्याच सुमाराला तुम्ही येऊन तमाशा केलात, एवढं मला आठवतं. ती दवाखान्यात होती आणि तुम्ही इकडे अंगणात मारामारी करत होता.

पाईप पॉलिशला दिला आहे.

भाची


२ फेब्रुवारी

तुला काय म्हणू ते कळत नाही, म्हणून काहीच म्हणत नाही.

पातेलं. हे त्याने तुला सांगितलं होतं तर.

माझ्या बहिणीच्या पायावर कुठलंही पातेलं सांडलं नाही. ज्या फेरीला तू आता जायचं म्हणतेस, तसलीच एक फेरी होती. मी पाईप बनवून, पट्टी गुंडाळून, तारेने आवळून दिला होता. फेरीच्या दिवशी सकाळी तुझ्या बापाने चाकू घेऊन ती पट्टी कापली, कारण परीक्षकांना करडी चिंधी दिसली असती. पाईप घासून लखलखीत केला. तुझी आई शेजारी बसली. ऊन, चढ, गर्दी, गाडी तापलेली. शेवटी मैदानात गाडी उभी केली. फोटोवाला समोर आला. तुझा बाप तिला म्हणाला, पटकन उतर, फोटोत नुसती गाडी हवी आहे.

ती पटकन उतरली. पोटरी पाईपला टेकली. अंगावरचं नायलॉन कातडीला चिकटलं.

तो फोटो तुमच्या दिवाणखान्यात लावला आहे. तो काढला तेव्हा तुझी आई त्या चौकटीच्या बाहेर, जमिनीवर बसलेली होती. आधी फोटो झाला, मग त्याने वळून पाहिलं. हे मला तिथे असलेल्या फिटरने सांगितलं. मी दवाखान्यात जाऊन तिचा पाय बघितला आणि तिथून सरळ तुमच्या अंगणात आलो. तुझा बाप तेव्हा मित्रांना गाडीचं बक्षीस दाखवत होता. पुढचं तू खिडकीतून बघितलंसच.

चष्मा मी मुद्दाम पाडला नाही. थोबाडीत मुद्दाम मारली. आज तो असता तर आजही मारली असती.

आता त्या फोटोबरहुकूम कर गाडी.

मामा


२० फेब्रुवारी

मामा,

पत्र मिळालं तेव्हा मी कामावर होते. सुट्टी टाकून घरी आले. आईला म्हटलं, पाय दाखव. तिने विचारलं, कशाला? मी तुमचं पत्र पुढे केलं. तिने ते शांतपणे, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली, स्वतःच्या खोलीत नेलं आणि आतून कडी लावली. संध्याकाळी बाहेर आली, भाजी चिरायला बसली. मी पुन्हा विषय काढला तर म्हणाली, "तुला आणि त्याला माझ्या पायाशिवाय दुसरं काही बोलायला नाही का?"

तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

फोटो मी भिंतीवरून काढला. दुसऱ्या दिवशी आईने तो पुन्हा लावला. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

फेरीच्या आयोजकांना मी येणार नाही म्हणून कळवलं आहे. गाडी भंगारात देणार आहे. आख्खी नको, कापून देणार आहे, म्हणजे कोणी जोडून पुन्हा उभी करायला नको. ज्या वस्तूसाठी बाबा माझ्याशी खोटं बोलले तिच्या चाकांना मी महिनोन्‌महिने हातांनी पॉलिश करत होते, याची मला किळस येते. तुमचीही येते. खरं सांगायचं होतं तर आधी का नाही सांगितलंत? मी मोठी झाले, कामाला लागले, बाबा म्हातारे झाले, आजारी पडले. इतकी वर्षं तुम्ही रागावून बसलात आणि मी तुम्हालाच वाईट समजत राहिले. तुम्हाला ते चाललं. रागात बसायला जागा मिळाली की तुम्हा लोकांना बाकी काही लागत नाही.

पाईप पॉलिश होऊन आला आहे. चांगला झाला आहे. शेडच्या कोपऱ्यात उभा करून ठेवला आहे.

भाची


२६ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र मी लिहिते आहे हे मुलीला माहीत नाही. ती कामावर गेली आहे. तिने गाडी कापायला माणूस बोलावला होता. मी त्याला फाटकातूनच परत पाठवलं.

तुझं पत्र मी वाचलं. मला लिहिलेलं नव्हतं, तरी वाचलं. माझ्या पायाबद्दलचं पत्र मी नाही वाचायचं तर कोणी वाचायचं?

आधी तुझी चूक दुरुस्त करते. तू तिथे नव्हतास. तो फिटरही गर्दीच्या मागे होता. ह्यांनी फोटो होईपर्यंत वाट पाहिली नाही. मी ओरडले त्याच क्षणी फोटो निघाला आणि हे धावले. मला उचलून त्यांनी दुसऱ्याच्या गाडीत घातलं, वाटेत रडत होते. बक्षीस मित्रांनी घरी आणून दिलं. तू मारलंस त्या दिवशी ते दाखवत नव्हते, परत घेऊन जा म्हणून सांगत होते. तेवढं ऐकायला तू थांबला नाहीस.

पट्टी त्यांनीच कापली, हे मात्र खरं. मी नको म्हटलं होतं, तरी कापली. मुलीला पातेल्याची गोष्ट त्यांनी सांगितली आणि मी गप्प बसले, हेही खरं. आठ वर्षांच्या पोरीला बापाचा राग करायला मला शिकवायचं नव्हतं.

पाय भाजला तो अपघात होता. पुढे जे झालं त्याला मी अपघात म्हणत नाही.

पाय बरा झाल्यावर मी ह्यांना म्हटलं, पट्टी पुन्हा लावा, आपण फिरायला जाऊ. तुला आठवतं का, दादा, मला गाडी चालवायला तूच शिकवलंस, तुझ्या गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत. लग्नानंतर ती गाडी ह्यांच्यापेक्षा मीच जास्त चालवली. पहाटे रस्ते रिकामे असताना मी एकटी घेऊन जायची. फेरीच्या दिवशीच तेवढी मी शेजारी बसायची, कारण लोकांना स्टिअरिंगवर मालक दिसायला हवा असायचा. माझ्या आयुष्यात फक्त माझी म्हणावी अशी वस्तू फार कमी होती. ती गाडी होती.

हे म्हणाले, लावतो. मग म्हणाले, पाऊस संपला की लावतो. मग म्हणाले, तसं कापड मिळत नाही. मग एक दिवस गाडीवर ताडपत्री टाकली. पट्टी लावली असती तर येणारा-जाणारा विचारणार, ही का लावली? ते त्यांना सांगायचं नव्हतं. त्यापेक्षा गाडी कुजलेली त्यांना परवडली. माझ्याकडे रोज माफी मागायचे. चहा करून द्यायचे, पायाला मलम लावायचे, मध्येच डोळे पुसायचे. मी माफी मागा म्हटलं नव्हतं रे. मी पट्टी मागत होते. एका दुपारचं काम होतं.

आणि ते काम ज्याला येत होतं तो तू, माझा सख्खा भाऊ, दोन गावं पलीकडे रुसून बसला होतास. मी तुला निरोप पाठवला होता, ये म्हणून. तू उलट निरोप धाडलास, त्या माणसाच्या दारात पाय ठेवणार नाही. दादा, ते दार माझंही होतं. तुला माझा पाय दिसला, मी दिसले नाही. त्यांना मारून तुझं समाधान झालं. मला काय मिळालं? एक नवरा जो माझ्याकडे बघून रडायचा, आणि एक भाऊ जो माझ्याकडे बघायला येतच नव्हता. दोघांना माझं वाईट वाटत होतं. दोघांनी मिळून माझी गाडी बंद पाडली.

आता मुलगी तिसरी. तिला राग आला म्हणून गाडी कापणार. ह्यांना लाज वाटली म्हणून झाकली, तुला संताप आला म्हणून सोडली, आता हिला किळस आली म्हणून कापायची. मला कोणी विचारलं?

फोटो मी परत लावला कारण गाडीचा तेवढा एकच फोटो आहे.

तू ये असं मी म्हणत नाही. एकदा म्हटलं होतं, पुरे झालं. पट्टी पाठव. चांगली असेल ती पाठव.

बहीण


८ मार्च

भिंगरी (तुला आवडो न आवडो, मला दुसरं नाव येत नाही),

सोबत पार्सल आहे. त्यात पट्टी आहे. अ‍ॅस्बेस्टॉस नव्हे. दगड वितळवून त्याच्या धाग्यापासून विणतात ती, आता तीच वापरतात. स्टीलच्या पकडी आहेत. उष्णता सोसणारा रंग आहे. एक वाकवलेला पत्रा आहे, तो मी काल बनवला.

तुला हे काम येतं, मला माहीत आहे. तरी लिहितो, कारण दुसरं काय लिहावं ते सुचत नाही. आधी पाईपला रंग दे आणि पूर्ण वाळू दे, तुझ्या बापाची कुजण्याची भीती खोटी नव्हती. मग गुंडाळायला मागच्या टोकापासून सुरुवात कर आणि इंजिनाकडे ये. म्हणजे प्रत्येक फेऱ्याची कड मागे तोंड करून बसते, वारा-पाणी आत घुसत नाही. प्रत्येक फेरा आधीच्यावर निम्मा चढव. ढिली ठेवू नकोस, दुसऱ्या माणसाला पट्टी ओढून धरायला सांग. दाराखाली हा पत्रा बसव, पाईप आणि पत्रा यांच्यात बोटभर जागा सोड. इतकं करूनही ती हात लावायची वस्तू नाही, हे आईला सांग. ती तुला मूर्ख म्हणेल, तरी सांग.

आईने मला पत्र लिहिलं. काय लिहिलं ते तिला वाटलं तर ती सांगेल. मी उत्तर लिहायला बसतो आणि उठतो. तिने निरोप पाठवला होता हे मी विसरलो नव्हतो. मला तेव्हा वाटलं होतं, ती त्याच्यासाठी बोलावते आहे, समेट घडवायला. गाडीसाठी बोलावत असेल हे डोक्यातच आलं नाही.

गाडी कापू नकोस.

मामा


२३ मार्च

मामा,

पार्सल मिळालं त्या दिवशी आई शेडमध्ये आली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. पार्सल तिनेच फोडलं. पट्टी नाकाला लावून वास घेतला आणि म्हणाली, "हं. सुरू कर."

पट्टी ओढून धरायला तीच बसली. मी गुंडाळत होते आणि ती धरत होती, आणि त्या वेळात तिने मला सगळं सांगितलं. तुम्हाला लिहिलंय तेच असावं. माझे हात थांबले की म्हणायची, ढिली पडतेय, ओढ. एकदा मी रडायला लागले तर म्हणाली, नाक पुस, कापडावर पाणी पडेल.

मला बाबांचा राग येतोय मामा, आणि ते उत्तर द्यायला नाहीत याचा त्याहून जास्त येतोय. त्यांनी मला वायरिंग शिकवलं, रंगाचे हात शिकवले, इंजिनाचा आवाज ऐकायला शिकवलं. शेडमध्ये आम्ही दोघं रविवार-रविवार असायचो आणि ती गाडी शेजारीच झाकलेली असायची. मी किती वेळा म्हटलं, ही करू या का? म्हणायचे, तिचं इंजिन गेलंय. इंजिन गेलेलं नव्हतं. मी उघडलं ना, नुसतं जाम झालं होतं.

पहिल्यांदा सुरू केली तेव्हा पट्टीतून भसाभसा धूर आला. तो येतोच, थोड्या वेळाने थांबला. आईला म्हटलं, बस, एक चक्कर मारू. ती डाव्या बाजूला गेलीच नाही. माझ्या बाजूचं दार उघडून म्हणाली, "सरक."

गल्लीत तिने गिअर दोनदा कुरकुरवला आणि शेजाऱ्यांचा ड्रम ठोकला. तिसऱ्या दिवशी मात्र मी शेजारी नुसती बसून होते, सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

फेरीला जाऊ या का विचारलं. नाही म्हणाली. "लोकांना दाखवायला नाही केलेली." मग कुठे जायचं विचारलं तर टाकीत पेट्रोल किती आहे ते बघायला लागली. तुमचं नाव काढलं की उठून जाते. तुम्ही तिला अजून लिहिलेलं नाही. ती पोस्टाची वाट बघते असं नाही, पण पेटी तीच उघडते.

मी तुम्हाला मागच्या पत्रात जे लिहिलं ते मागे घेत नाही. पट्टी मात्र चांगली होती.

भाची


३० मार्च

भिंगरी,

तुझी आई इथे आहे. सुखरूप आहे. तुला चिठ्ठी ठेवून निघाली असं म्हणते, पण चिठ्ठीत कुठे जाते ते लिहिलंय का विचारलं तर म्हणाली, लिहायचं राहिलं. म्हणून तुला लगेच फोन केला. तरी हे पत्र लिहितो, कारण फोनवर तेवढंच सांगून मी ठेवून दिला.

सकाळी मी दाढी करत होतो. बाहेर हॉर्न वाजला. तो हॉर्न मी बसवलेला, ओळखला. अर्ध्या दाढीनेच बाहेर आलो. गाडी फाटकासमोर उभी, स्टिअरिंगवर तुझी आई, इंजिन चालूच. केस पांढरे झालेत तिचे. मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, आत ये. ती म्हणाली, "तू माझ्या घरी नाही आलास, मी का येऊ तुझ्या? बस गाडीत."

मी तोंड पुसून आलो आणि डाव्या बाजूला बसलो. मग तिने मला गावाबाहेर नेलं. तुला सांगतो, ती फार जोरात चालवते. मी दाराची कड धरून होतो. सगळ्या रस्त्यात ती बोलत होती. तिच्या लग्नात काय झालं इथपासून सुरुवात केली. तुझ्या वडिलांच्या शेवटच्या आजाराचं सांगितलं. ते दवाखान्यात असताना तिने कितीतरी रात्री एकटीने काढल्या, आणि बाहेरच्या बाकावर बसून तिला वाटायचं, दादा येईल. आजारपणाचं कळल्यावर मी बूट घातले होते, हे मी तिला सांगितलं. बूट घालून दारापर्यंत गेलो होतो. ती म्हणाली, "मग का काढलेस?"

मी म्हटलं, माझं चुकलं. तिने गाडी कडेला घेतली, थांबवली आणि माझ्याकडे वळली.

"ते नको सांगूस," ती म्हणाली. "माफी मी खूप ऐकली. तू बस आणि ऐक."

मी ऐकत बसलो. दुपार टळली तेव्हा परत आलो. उतरताना पाय पत्र्याला लागला. गरम होता, चटका नव्हता. तिने ते पाहिलं. मग स्वतःच फाटक उघडून घरात आली, स्वयंपाकघर शोधलं, चहाला आधण ठेवलं आणि मला म्हणाली, "किती घाण आहे तुझं हे घर."

आता ती पलीकडच्या खोलीत पडली आहे. मी विचारलं, परत कधी निघणार, भिंगरीला कळवायला हवं. म्हणाली, आज नाही, उद्याही नाही. तिचं अजून बोलून झालेलं नाही. तिने तुलाही बोलवलं आहे. रविवारच्या आत ये. तिला तुझ्याशीही भांडायचं आहे.

मामा